रेडॉक्स हायड्रोजेल

पाण्यात पुष्कळ फुगणारे परंतु न विरघळणारे बहुवारिकाचे (अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंचे) जाळे आणि त्या जाळ्याला पक्के बांधलेले, इलेक्ट्रॉन सहज देऊ व घेऊ शकणारे रासायनिक गट यांनी बनलेल्या मऊ पदार्थास रेडॉक्स हायड्रोजेल म्हणतात. ‘रेडॉक्स’ ही संज्ञा क्षपण (इलेक्ट्रॉन मिळविणे) व ऑक्सिडीभवन (इलेक्ट्रॉन गमावणे) या नेहमी जोडीनेच घडणाऱ्या विक्रियांच्या इंग्रजी नावांवरून तयार झाली आहे. या पदार्थातून इलेक्ट्रॉन जाऊ शकतात, तसेच पाण्यात विरघळलेले आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) व लहान रेणूही जाऊ शकतात आणि हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे धातू वा कार्बन यांसारखे घन संवाहक आणि एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) यांच्यात इलेक्ट्रॉनांची थेट देवघेव घडवून आणता येते. मधुमेही व्यक्तीच्या दंडावर चिकटविण्याच्या व ग्लुकोजाचे अखंड मापन करणाऱ्या एका प्रचलित संवेदकाचा गाभा म्हणजे अशाच जेलाचा पातळ थर होय.

इलेक्ट्रॉन संक्रमण : धातूत इलेक्ट्रॉन मोकळेपणाने फिरतात, परंतु आयन फिरू शकत नाहीत. पाण्यात याच्या नेमके उलट असते. तेथे आयन हिंडतात; पण मोकळा इलेक्ट्रॉन क्षणभरापेक्षा अधिक काळ टिकत नाही, तो कोणत्या तरी रेणूच्या आश्रयानेच राहतो. विद्युत् घट असो, लोखंडाचे गंजणे असो किंवा विद्युत् विलेपन असो, जेथे जेथे ही दोन जगे एकमेकांस भिडतात तेथे इलेक्ट्रॉनाला धातूतून रेणूवर किंवा रेणूवरून धातूत उडी घ्यावी लागते. ही उडी केव्हा व किती वेगाने पडते, हा विसाव्या शतकातील रसायनशास्त्राचा एक मोठा प्रश्न होता.

त्याचे सैद्धांतिक उत्तर रूडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेतून दिले. इलेक्ट्रॉन इतका हलका आहे की, तो उडी घेतो त्या क्षणात अणूंची केंद्रके व भोवतालचे पाण्याचे रेणू जागचे हलूही शकत नाहीत. म्हणून उडीच्या आधीच उष्णताजन्य हालचालींमुळे देणारा, घेणारा व भोवतालचे पाणी यांची मांडणी अशी व्हावी लागते की, इलेक्ट्रॉन कोणत्याही बाजूस असला तरी एकूण ऊर्जा सारखीच राहील. या जुळवाजुळवीसाठी लागणाऱ्या ऊर्जेला पुनर्रचना ऊर्जा म्हणतात. ती जितकी कमी तितके संक्रमण सामान्यतः जलद होते. या कार्यासाठी मार्कस यांना १९९२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धातूंच्या जटिल संयुगांमधील इलेक्ट्रॉन संक्रमणाच्या प्रायोगिक अभ्यासासाठी हेन्री टाउब यांना ते १९८३ मध्येच मिळाले होते.

अंतराचा परिणाम याहून कठोर असतो. इलेक्ट्रॉन आपल्या पुंजयामिकीय गुणधर्मामुळे मधला अडथळा ‘बोगद्यातून’ गेल्याप्रमाणे पार करू शकतो. परंतु प्रथिनातून जाताना दर १ आँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतरामागे संक्रमणाचा वेग साधारणतः एक-तृतीयांश होत जातो. अंतर १० आँगस्ट्रॉमांनी वाढले, तर वेग सु. साठ हजार पटींनी घटतो. सजीवांच्या श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉनवाहक गट सामान्यतः एकमेकांपासून १४ आँगस्ट्रॉमांच्या आत आढळतात, त्याचे कारण हेच आहे. उलट, ज्या एंझाइमाचा सक्रिय गट प्रथिनाच्या पोटात खोल दडलेला असतो, त्याच्यापर्यंत बाहेरच्या धातूला पोहोचता येत नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज हे अशा एंझाइमाचे सर्वांत परिचित उदाहरण आहे आणि रेडॉक्स हायड्रोजेलाचा इतिहास बव्हंशी या एका प्रथिनाभोवतीच घडला आहे.

इतिहास : पाण्यात फुगणाऱ्या संश्लेषित जेलांचा वैद्यकीय उपयोग ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लीम यांनी प्राग येथे सुरू केला. मऊ स्पर्शभिंगांस पायाभूत ठरलेला त्यांचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरातील ऊतकांप्रमाणेच (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांप्रमाणेच) अशा जेलाचा मोठा भाग पाण्याचा असतो व म्हणून ते शरीराला फारसे परके वाटत नाही. परंतु ही जेले विजेच्या दृष्टीने निष्क्रिय होती.

दुसरा धागा विद्युत् रसायनशास्त्रातला आहे. लीलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज वापरून पहिल्या एंझाइम-विद्युत् अग्राची कल्पना मांडली. हे एंझाइम ग्लुकोजाच्या रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन घेते व ते ऑक्सिजनाला देते. या व्यवहारात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ऑक्सिजन किती खर्च झाला किंवा पेरॉक्साइड किती बनले, हे विद्युत् अग्राने मोजले की ग्लुकोज किती होते ते समजते. प्रयोगशाळेतील उपकरणात ही रीत चांगली चालली. शरीराच्या आत मात्र तिच्या मार्गात दोन अडचणी येतात. एक म्हणजे ऊतकांमध्ये ग्लुकोजाच्या मानाने ऑक्सिजन फारच थोडा असतो व त्याचे प्रमाण बदलते असते. त्यामुळे उपकरण ग्लुकोज मोजते आहे की ऑक्सिजनाचा तुटवडा, याची खात्री देता येत नाही. दुसरी म्हणजे पेरॉक्साइडाच्या ऑक्सिडीभवनासाठी विद्युत् अग्रास इतके वर्चस् द्यावे लागते की, त्यावर पॅरासिटामॉल, यूरिक अम्ल यांसारख्या पदार्थांचेही ऑक्सिडीभवन होते व प्रवाह फुगून दिसतो.

ऑक्सिजनाऐवजी एखादा कृत्रिम ‘मध्यस्थ’ रेणू वापरावा, ही पुढची पायरी होती. इंग्लंडमधील ॲलन हिल, अँथनी टर्नर व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये फेरोसीन या लोहसंयुगाचा मध्यस्थ म्हणून उपयोग प्रसिद्ध केला. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन विद्युत् पद्धतीने साखर मोजणारी घरगुती साधने यातूनच पुढे आली. तथापि लहान व मोकळा मध्यस्थ पाण्यात विसरण पावून (पसरून) निघून जातो. पट्टी एकदा वापरून टाकून द्यावयाची असल्याने तेथे याचे काही वाटत नाही. शरीरात कित्येक दिवस राहणाऱ्या संवेदकात मात्र हे मुळीच चालण्यासारखे नाही.

मध्यस्थ निसटणार नाही आणि तरीही एंझाइमाच्या पोटापर्यंत पोहोचेल, अशा परस्परविरोधी भासणाऱ्या दोन्ही अटी पुऱ्या करण्याचे श्रेय प्रामुख्याने ॲडम हेलर यांना दिले जाते. रुमानियातील क्लूज येथे १९३३ मध्ये जन्मलेल्या हेलर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत यिनॉन देगानी यांच्यासह प्रथम ग्लुकोज ऑक्सिडेजालाच फेरोसीनाचे गट चिकटविले व ते विद्युत् अग्राशी थेट संपर्क साधते, असे १९८७ मध्ये दाखविले. पुढे टेक्सस विद्यापीठात ब्रायन ग्रेग यांच्यासह त्यांनी १९९०–९१ मध्ये ऑस्मियमयुक्त बहुवारिकाच्या जाळ्यात एंझाइम गुंतवून ठेवणारी जेले तयार केली. या पद्धतीस त्यांनी एंझाइमांची ‘तारजोडणी’ असे नाव दिले.

घटना व कृती : या जेलाचा कणा बहुधा पॉलिव्हिनिल पिरिडीन किंवा पॉलिव्हिनिल इमिडॅझोल या बहुवारिकाचा असतो. त्याच्या काही पिरिडीन गटांतील नायट्रोजनास ऑस्मियमाची जटिले जोडलेली असतात, तर इतर काही गटांवर कायमचा धन विद्युत् भार निर्माण केलेला असतो. या भारामुळे कणा पाणी ओढून घेतो व फुगतो. याचा आणखी एक फायदा असा की, ग्लुकोज ऑक्सिडेज शरीराच्या सर्वसाधारण उदासीन माध्यमात ऋण भारित असते व त्यामुळे ते धन भारित बहुवारिकाकडे आपोआप आकर्षिले जाते. ऑस्मियम निवडण्याचे कारण असे की, द्विसंयुजी व त्रिसंयुजी या दोन्ही अवस्थांत त्याच्या जटिलाची रचना जवळजवळ तीच राहते. म्हणजे पुनर्रचना ऊर्जा कमी लागते व धातूभोवतीचे बंधही सहसा सुटत नाहीत. शिवाय भोवतालच्या सेंद्रिय गटांत योग्य बदल करून जटिलाचे वर्चस् हवे तेवढे खाली किंवा वर आणता येते.

कृती दिसावयास सोपी आहे. बहुवारिक, एंझाइम आणि दोन्ही टोकांस एपॉक्साइड गट असलेले पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांचे पाण्यातील मिश्रण कार्बनाच्या अग्रावर थेंबाथेंबाने ठेवून नेहमीच्या तापमानास वाळू देतात. एपॉक्साइड गट बहुवारिकाच्या साखळ्यांना एकमेकींशी व एंझाइमाशी सांधतात. (घरगुती वापरातील दोन नळ्यांच्या चिकटद्रव्यात हेच रसायन काम करते.) पाण्यात बुडविल्यावर थर फुगतो, परंतु सुटून जात नाही.

वहनाची यंत्रणा : ‘तारजोडणी’ ही संज्ञा लोकप्रिय झाली असली, तरी ती काहीशी दिशाभूल करणारी आहे. तांब्याच्या तारेप्रमाणे या जेलात इलेक्ट्रॉनाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड रस्ता नसतो. पॉलिॲसिटिलीनासारख्या संवाहक बहुवारिकांत एकाआड एक द्विबंधांच्या साखळीतून विद्युत् भार सरकतो, तसेही येथे होत नाही, कारण पॉलिव्हिनिल पिरिडिनाचा कणा स्वतः निरोधक असतो. इलेक्ट्रॉन एका ऑस्मियमावरून शेजारच्या ऑस्मियमावर व तेथून पुढच्यावर असा जातो. इमारतीवर स्लॅब टाकताना ओळीने उभे असलेले मजूर काँक्रीटची घमेली हातोहात पुढे देतात. कोणीही जागा सोडत नाही, पण घमेले खालून वर पोहोचते. जेलातील व्यवहार पुष्कळसा तसाच असतो.

मात्र हा दाखला एका बाबतीत अपुरा आहे. मजूर एकमेकांच्या हाताच्या अंतरावर उभे असतात. ऑस्मियमाची केंद्रे तशी नसतात. फुगलेल्या जेलात शेजारच्या दोन केंद्रांमधील सरासरी अंतर इतके असते की, वर सांगितलेल्या नियमानुसार इलेक्ट्रॉनाची सरळ उडी फारच मंद पडावी. प्रत्यक्षात वहन होते, कारण बहुवारिकाचे तुकडे पाण्यात सतत डोलत असतात. प्रत्येक केंद्र आपल्या बांधलेल्या जागेभोवती थोडेसे हिंडते, शेजाऱ्यावर आदळते व त्या क्षणी इलेक्ट्रॉन सोपवून परत फिरते. या ‘मर्यादित विसरणा’चे गणित झां-मिशेल साव्हेआं व डी. एन. ब्लॉच यांनी १९९२ मध्ये मांडले. दावणीला बांधलेले जनावर दाव्याच्या लांबीइतक्या वर्तुळातच चरते. परंतु दोन वर्तुळे एकमेकांत शिरत असली, तर दोन जनावरांची गाठ पडू शकते.

यावरून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. विजेला चांगली वाट मिळावी म्हणून केंद्रे दाटीवाटीने बसवावीत, असे सहज वाटेल. पण जेल कोरडे व घट्ट झाले की केंद्रांची हालचाल थांबते आणि संवाहकता वाढण्याऐवजी घसरते. उलट, जेल फारच फुगले तर केंद्रे विरळ होऊन त्यांची गाठच पडत नाही. आडवे सांधे कमी केले तर थर लिबलिबीत होतो व वाहत्या द्रवात घासला जाऊन निघतो. जास्त केले तर तो जखडला जातो. पाणी, सांधे व केंद्रे यांचे प्रमाण साधणे हाच या तंत्रातील खरा कसबाचा भाग होय. फेई माओ, निकोला मानो व हेलर यांनी २००३ मध्ये ऑस्मियमाचे जटिल कण्याला थेट न जोडता १३ अणूंच्या लवचिक दाव्याने बांधले. त्यामुळे केंद्रांचा हिंडण्याचा परिसर वाढला व इलेक्ट्रॉनांचे पसरणे इतके जलद झाले की, त्याचा विसरण-गुणांक पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजाच्या विसरण-गुणांकाच्या जवळपास गेला.

इलेक्ट्रॉन एकटा जात नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. केंद्रावरून इलेक्ट्रॉन निघून गेला की तेथे एक जादा धन भार उरतो व त्याची भरपाई करण्यासाठी भोवतालच्या पाण्यातून एक ऋण आयन आत यावा लागतो. जेल विद्युत् दृष्ट्या उदासीन राहण्यासाठी ही ये-जा अटळ आहे. पाण्याने भरलेल्या जाळ्यात ती सहज घडते. घट्ट प्लॅस्टिकच्या थरात ती जवळजवळ खुंटते.

ग्लुकोज संवेदक : इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या दृष्टीने रक्तातील साखर वाढणे हे जसे दीर्घकाळाने घातक ठरते, तसे ती एकाएकी उतरणे हे काही मिनिटांत घातक ठरू शकते. झोपेत साखर उतरली तर रुग्णाला जाग येईलच असे नाही. बोट टोचून केलेली तपासणी फक्त त्या क्षणापुरती माहिती देते. साखर चढते आहे की उतरते आहे, हे तिच्यावरून कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर दिवसातून अनेक वेळा व मध्यरात्रीही सुई टोचावी लागते. म्हणून शरीरात राहून अखंड मापन करणाऱ्या संवेदकाची निकड फार दिवसांपासून भासत होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सु. १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला आहे. यावरून प्रश्नाच्या व्याप्तीची कल्पना येईल, जरी त्यांतील सर्वांना अशा संवेदकाची गरज असते असे नव्हे.

ॲडम हेलर व त्यांचे पुत्र एफ्राइम हेलर यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली थेरासेन्स ही कंपनी २००४ मध्ये ॲबट कंपनीने विकत घेतली. तारजोडणी केलेल्या एंझाइमावर आधारलेल्या ‘फ्रीस्टाइल नॅव्हिगेटर’ या अखंड मापकास अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, तर ‘फ्रीस्टाइल लिब्रे’ २०१४ मध्ये यूरोपात विक्रीस आला. लिब्रेमध्ये सु. ५ मिमी. लांबीचा लवचिक तंतू दंडाच्या त्वचेखाली सारतात व तो १४ दिवस तेथेच राहतो. तंतूच्या टोकाशी जेलाचा ठिपका व त्यावर ग्लुकोजाचा ओघ आवरणारे एक पातळ पटल असते. ग्लुकोज पेशींमधील द्रवातून पटलाद्वारे जेलात शिरते. एंझाइम त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेते. ऑस्मियमाची केंद्रे ते हातोहात कार्बनापर्यंत पोहोचवितात आणि अत्यल्प विद्युत् प्रवाहाच्या रूपाने ग्लुकोजाचे प्रमाण नोंदले जाते. या अग्राचे वर्चस् इतके कमी ठेवता येते की, पॅरासिटामॉलाचा अडथळा येत नाही. कारखान्यातच प्रमाणीकरण होत असल्याने त्यासाठी बोट टोचण्याची गरज राहत नाही.

या साधनाच्या मर्यादाही आहेत. ते रक्तातील नव्हे, तर पेशींमधील द्रवातील ग्लुकोज मोजते. म्हणून साखर झपाट्याने बदलत असताना त्याचे वाचन रक्ताच्या मागे काही मिनिटे रेंगाळते. क जीवनसत्त्व मोठ्या मात्रेने घेतल्यास वाचन खोटेच वाढू शकते, कारण त्याचे ऑक्सिडीभवन कमी वर्चसालाही होते. ऑक्सिजन हा एंझाइमाचा मूळचा ग्राहक असल्याने तो काही इलेक्ट्रॉन परस्पर पळवितो. ऑस्मियमाची केंद्रे पुरेशी असतील तरच ही गळती नगण्य राहते. एंझाइमाची क्षमता हळूहळू घटत जाते व शरीरही परक्या तंतूभोवती आपले आवरण उभारू लागते. या साधनाचा सर्वांत मोठा दोष मात्र रासायनिक नाही. दर पंधरवड्यास नवा संवेदक घेण्याचा खर्च भारतातील बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरचा आहे.

इतर उपयोग : अशाच जेलांनी धनाग्र व ऋणाग्र या दोन्हींवर वेगवेगळी एंझाइमे जोडून ग्लुकोज व ऑक्सिजन यांवर चालणारा सूक्ष्म इंधन-घट बनविता येतो. मानो, माओ व हेलर यांनी २००३ मध्ये दोन कार्बन तंतूंचा असा घट द्राक्षाच्या मण्यात खुपसून चालविला, त्यातून सु. अर्धा व्होल्ट वर्चसाला काही मायक्रोवॉट शक्ती मिळाली. प्रयोग लक्षवेधी असला, तरी एंझाइमे फार दिवस टिकत नसल्याने या घटांचा व्यवहारात प्रसार झालेला नाही.

अधिक महत्त्वाचा ठरू शकेल असा एक प्रयोग २०१४ मध्ये जर्मनीतील बोखुम व म्यूलहाइम येथील शास्त्रज्ञांनी केला. हायड्रोजनाचे ऑक्सिडीभवन करणारी हायड्रोजनेज एंझाइमे प्लॅटिनमाची जागा घेऊ शकतील इतकी कार्यक्षम असतात. परंतु ऑक्सिजनाच्या संपर्काने ती निकामी होतात. व्हायोलोजेन गट असलेल्या रेडॉक्स जेलात अशा एंझाइमाला बसविले, तेव्हा हायड्रोजनापासून मिळालेल्या इलेक्ट्रॉनांचा काही भाग जेलाच्या बाहेरच्या थरातच ऑक्सिजनाचे क्षपण करण्यात खर्ची पडला व आतील एंझाइम सुरक्षित राहिले. येथे जेलाने वाहकाबरोबर राखणदाराचेही काम केले.

काही जेलांत ऑक्सिडीभवन व क्षपण यांमुळे आकारच बदलतो. र्यो योशिदा व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जपानमध्ये रूथेनियमाचे जटिल बांधलेले जेल बेलूसोव्ह–झाबोटिन्स्की या आंदोलनी विक्रियेच्या द्रवात ठेवले. रूथेनियमाचे ऑक्सिडीभवन झाले की जेल फुगते व क्षपण झाले की आकुंचते. त्यामुळे बाहेरून कोणताही आघात न करता ते हृदयासारखे तालबद्ध स्पंदन करू लागले. आकिरा हारादा यांच्या गटाने २०११ मध्ये फेरोसीन व सायक्लोडेक्स्ट्रीन यांच्या परस्पर आकर्षणावर जुळलेले जेल तयार केले. ते कापले तरी पुन्हा सांधते आणि फेरोसिनाचे ऑक्सिडीभवन केल्यास सांधे सुटतात.

निसर्गातील तुल्य रचना : चिखलात, ऑक्सिजनाच्या अभावी जगणारे जिओबॅक्टर वंशातील सूक्ष्मजंतू अन्नापासून मिळालेले इलेक्ट्रॉन पेशीबाहेरील लोहाच्या ऑक्साइडांना देऊन श्वसन करतात. विद्युत् अग्र पुरविल्यास ते त्यावर पाणीदार, जेलासारखा थर वाढवितात व अग्रापासून दूर असलेल्या पेशींचे इलेक्ट्रॉनही या थरातून अग्रापर्यंत पोहोचतात. हे वहन रेडॉक्स जेलाप्रमाणे केंद्राकेंद्रांतून होते की धातूप्रमाणे, यावर दीर्घकाळ वाद चालला. २०१९ मध्ये दोन संशोधक गटांनी या सूक्ष्मजंतूंच्या एका प्रकारच्या संवाहक तंतूंची रचना उलगडली. हे तंतू सायटोक्रोम या प्रथिनाचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन बनलेले असून त्यांच्या गाभ्यातून हीम या लोहयुक्त गटांची रांग तंतूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली असते. हेलर यांच्या जेलात केंद्रे डोलत डोलत एकमेकांना गाठतात. या तंतूंत मात्र हीम गट जवळजवळ एकमेकांना टेकून बसविलेले असल्याने त्यांना हलावे लागत नाही.